उलटा सात

प्रयोगशाळेत पाऊल न टाकणं ही आमच्या जमातीची ऐट असते. कागदावर समीकरणं मांडणारा माणूस हात ओले करत नाही. बंगळूरच्या ज्या संस्थेत मी काम करतो तिथे माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जिवाणू वाढवणारी मंडळी तळमजल्यावर. त्यांच्या दारावरून मी दिवसातून दोनदा जायचो. आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, आणि एवढं निमित्त मला अकरा वर्षं पुरलं.

जिवाणू पाण्यात कसे पोहतात याचं गणित मी करतो. हे एका वाक्यात सांगता येतं, पण ऐकून घेणारा माणूस विरळा. आम्ही राहतो सर्जापूर रोडवर, एका भल्यामोठ्या सोसायटीत. तिथली मराठी माणसं गणपती बसवतात, हिंदीतून सूत्रसंचालन करतात आणि आरती मोबाइलवर बघून म्हणतात. एका वर्षी त्यांनी मला भाषणाला उभं केलं. ‘मुलांसाठी काहीतरी सायन्सचं सांगा, पण जरा फन ठेवा,’ अशी सूचना होती. मी सांगितलं, की जिवाणू इतका लहान असतो की पाणी त्याला काकवीसारखं दाट लागतं. त्याची मोटर बंद पडली की तो तिथल्या तिथे थांबतो, तसूभरही पुढे घसरत नाही. यावर सुट्टीच्या दिवशीही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ म्हणाला, “म्हणजे आमच्या रिंग रोडसारखंच की!” सगळे खो खो हसले. हा विनोद मी आजवर प्रत्येक भाषणानंतर ऐकला आहे आणि प्रत्येक जण तो जगात पहिल्यांदाच सुचल्यासारखा करतो. नंतर एका बाईंनी पोटासाठी कुठलं दही चांगलं ते विचारलं. पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा मी गावाला जातोय म्हणून सांगितलं.

हे सांगतोय ते मी माणसांकडे कसा बघतो ते कळावं म्हणून. लोकांना तुच्छ लेखण्याची मला सवय आहे, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडते. माणूस मूर्ख आहे असं एकदा ठरवलं की त्याचं ऐकायचे कष्ट वाचतात.

तळमजल्यावर काम करणाऱ्यांबद्दल माझं मत फार वेगळं नव्हतं. ही माणसं थर्मासमधून कॉफी पितात, जिवाणूंना खाऊ घालतात, रंगीत चित्रं काढतात आणि आलेख माझ्याकडे पाठवून विचारतात, सर, हे बरोबर आहे का? बरोबर काय ते माझं समीकरण सांगणार. त्यांचं काम फक्त मोजून आणायचं.

त्या तळमजल्यावर एक सहायक होते. काचा धुणं, द्रावणं बनवणं, यंत्रं पुसून ठेवणं हे सगळं त्यांच्याकडे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर या बाजूला आलं आणि इथलंच झालं. भावाचं होसकोट्यात कापडाचं दुकान आहे, हेही तिथूनच बसने येत. मी मराठी आहे हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी ते स्टीलच्या पेल्यातून कॉफी घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर.

“अण्णा, तुम्ही पुण्याचे काय? आमच्या घरात पण मराठीच. स्वल्प वेगळं असतंय, तुम्ही हसायचं नाही.”

मी तोंडावर हसलो नाही. घरी जाऊन बायकोसमोर नक्कल केली. ती म्हणाली, “इतकी वर्षं झाली इथे येऊन, तुला कन्नडमधून कोथिंबीर तरी मागता येते का?” मी विषय बदलला. ते मात्र अधूनमधून कॉफी आणत राहिले. दोन मिनिटं उभे राहायचे, आज ऊन फार, आज बस उशिरा, एवढंच मराठी बोलायचे आणि जायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

ही गोष्ट ज्या मुलीची, ती निपाणीकडची. घरी मराठी, शाळा कन्नड, आणि आमच्याकडे पीएचडीला. हुशार होती, पण हुशारी अंगावर मिरवायची नाही, त्यामुळे मला ती फारशी हुशार वाटली नाही. तिचे मार्गदर्शक वर्षभराच्या रजेवर परदेशी गेले आणि जाताना तिच्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाची जबाबदारी माझ्यावर टाकून गेले, कारण ते प्रकरण माझ्याच समीकरणाची परीक्षा घेणारं होतं.

समीकरण थोडक्यात असं. जिवाणूला मागे शेपट्यांचा जुडगा असतो. तो मळसूत्रासारखा एका दिशेने फिरतो, म्हणून धड उलट्या दिशेने फिरतं. मोकळ्या पाण्यात असा जिवाणू साधारण सरळ जातो. काचेच्या अगदी जवळ आला की काचेलगतचं पाणी त्याला जास्त धरून ठेवतं. मग धड एका अंगाला लोळू बघतं, शेपट्या दुसऱ्या अंगाला, आणि तो गोल गोल फिरत राहतो. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. हे माझ्या आधीही लोकांनी काढलं होतं, पण माझी मांडणी जास्त देखणी होती. काचेपासूनच्या अंतराप्रमाणे वर्तुळ केवढं होईल हेही त्यातून निघत होतं आणि तेच तिने मोजायचं होतं.

पहिल्याच महिन्यात सोमवारच्या बैठकीत तिने पडद्यावर चित्रफीत लावली. जिवाणू फिरत होते, वर्तुळांचे आकार थेट माझ्या सूत्राप्रमाणे येत होते, पण दिशा उलटी. सगळे माझ्याकडे बघू लागले. तिने विचारलं, “सर, तुमच्या समीकरणात आपण कुठल्या बाजूनं बघतोय?”

मी म्हणालो, “समीकरणाला बाजू नसते.”

हे मी इंग्रजीत म्हणालो होतो आणि इंग्रजीत ते आणखीच झोकदार वाटलं. खोलीत हशा पिकला. तिने मान खाली घालून ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, चला, काहीतरी शिकली.

दिशा उलटी का, याचं उत्तर माझ्याकडे लगेच तयार होतं. अज्ञानी माणूस अशा वेळी गप्प बसला असता. मला पुष्कळ माहीत होतं, हीच अडचण. काचेऐवजी हवा असेल तर जिवाणू उलटे फिरतात, हे आमच्या शास्त्रात पक्कं आहे. काचेवर तेलकट थर असला, पाणी तिच्यावरून घसरू लागलं, तरी तसं होऊ शकतं. म्हणजे हिची काच घाण आहे. दोन पानांचं टिपण लिहून मी ते सिद्धही केलं. आजही ते टिपण वाचलं तर त्यातलं गणित निर्दोष आहे.

काच कोण धुतं असं मी विचारल्यावर सहायक वर आले. त्या दिवशी हातात कॉफी नव्हती.

“काच मी धुतो, अण्णा. अक्का नाही. तिला बोलू नका. बावीस वर्षं झाली धुतोय. माझ्या काचेला तेल?”

“भांडी घासणं वेगळं आणि ही काच धुणं वेगळं,” मी म्हणालो.

ते कन्नडमधून ‘बरं’ म्हणाले, “सरी सर.” त्या दिवसापासून ते माझ्याशी मराठी बोलले नाहीत. कॉफी बंद झाली. जिन्यात भेटलो तर ‘नमस्कारा सर’, विचारलं तर कन्नडमधून दोन शब्द, की पुढे. माझी दोन मिनिटं वाचली. तेव्हा मला बरंच वाटलं, हे लिहायला हवं.

मग धुणं सुरू झालं. साबण, पाणी, आम्ल, पाणी, अल्कोहोल, पाणी आणि पुन्हा पाणी: माझ्या हुकमाप्रमाणे प्रत्येक काच सात वेळा. ती मुलगी आणि सहायक दोघं मिळून धुवायचे. सात वेळा धुतली की नाही अशी शंका मी पुन्हा घेऊ नये म्हणून त्यांनी एक पद्धत काढली. शेवटच्या पाण्याआधी हिऱ्याच्या टोकाच्या पेनने काचेच्या कोपऱ्यात इंग्रजी सातचा आकडा कोरायचा. हे मला तिच्या अहवालातून कळलं आणि मी हसलो. इतका हिशेबी प्रामाणिकपणा ज्याला दुसरं काही जमत नाही त्याच्याकडेच असतो, असं माझं मत होतं.

जिवाणू उलटेच फिरत राहिले. मी काचेचा कारखाना बदलायला लावला, पाणी बदलायला लावलं, जिवाणूंची जात बदलायला लावली. प्रत्येक वेळी ती दोन-तीन महिने मान मोडून काम करायची आणि सोमवारी तेच चित्र दाखवायची. बैठकीतली पोरं तिला ‘धोबीघाट’ म्हणू लागली होती. मी ते थांबवलं नाही. एकदा तिने मला एकटीने गाठून विचारलं, “सर, समजा काच स्वच्छच असली तर? दुसरं काय असंल?” मी म्हटलं, “दुसरं काही नसतं.” असं वर्ष गेलं.

एका सोमवारी ती बैठकीनंतर माझ्या खोलीत आली. बसली नाही.

“सर, महादेवपुऱ्यात एका कंपनीत माझं झालंय. गुरुवारपर्यंत कळवा म्हणालेत. शुक्रवारी आपली समिती आहे. प्रकरण मान्य होईल, मुदतवाढ मिळंल असं तुम्हाला वाटत असलं तर सांगा, मी त्यांना नाही म्हणते. नाहीतर पीएचडी सोडून एमएसवर सुटते मी.”

“कंपनी काय करते?”

“कुणाला कुठली जाहिरात दाखवायची, ते ठरवतात.”

“छान,” मी म्हणालो. तो ‘छान’ कसा म्हणालो असेन ते मला ओळखणाऱ्याला सांगायला नको. “बघू,” असं पुढे जोडलं. ती म्हणाली, “गुरुवार, सर,” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, जेवणानंतर मी तळमजल्यावर उतरलो. मनात चांगुलपणा वगैरे नव्हता. शुक्रवारी समितीत ‘मी स्वतः जाऊन पाहिलं, काच कशी धुतात तेच यांना कळत नाही’ असं म्हणता यावं, एवढाच हेतू. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दाराबाहेर चपला काढल्या. फरशी गार होती. सहायकांनी मला पांढरा कोट दिला. तो दंडात घट्ट झाला. ते नळाशी जाऊन उभे राहिले.

तिने धुतलेली काच काढली, आकडा कोरलेली बाजू वर धरली, तिच्यावर जिवाणूंचा थेंब सोडला आणि काच मायक्रोस्कोपवर ठेवली. मी मायक्रोस्कोप शाळेत पाहिला होता: वर नळी, खाली काच. हे यंत्र निराळंच दिसत होतं, पण नवीन यंत्रं अशीच बोजड असतात म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, “आधी त्या ओरखड्यावर फोकस करतो, सर, म्हणजे काचेचा पृष्ठभाग सापडतो. मग बाजूला सरकायचं.” पडद्यावर धूसर काहीतरी आलं, हळूहळू स्पष्ट झालं. तो सातचा आकडा होता, आरशात दिसावा तसा उलटा.

“हा सात उलटा का?” मी विचारलं.

“खालनं बघतोय न आपण,” ती सहज म्हणाली. “लेन्स खाली आहे, सर. ह्यो इन्व्हर्टेड आहे.” आणि काच बाजूला सरकवली. जिवाणू आले. घड्याळाच्या उलटे फिरत होते. खालून बघताना उलटे. म्हणजे वरून बघितलं तर सुलटे, माझ्या समीकरणात लिहिलं होतं तस्सेच. वर्षभर ते लाखो जीव इमानाने माझ्या बाजूने साक्ष देत होते, आणि मी त्यांची काच धुवायला लावत होतो.

शाळेतल्या पोराला कळावी अशी ही गोष्ट. घड्याळ मागच्या बाजूने बघितलं तर काटे उलटे फिरतात. पहिल्या महिन्यात तिने नेमकं हेच विचारलं होतं. समीकरणाला बाजू नसते, असं उत्तर मिळाल्यावर तिने ते खरं मानलं. सरांनी त्यात सगळं धरलं असणार. तिची चूक झाली असेल तर एवढीच, की माझ्यावर विश्वास ठेवला.

“काय झालं, सर?”

“काही नाही. चालू दे.”

नळाशी उभे असलेले सहायक माझ्याकडे बघत होते. त्यांना समजलं होतं की नाही ते मला आजही माहीत नाही. मी कोट काढला, चपला पायात सरकवल्या आणि वर आलो.

ते मंगळवारी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. बुधवारीही होतं. ती तीन मजले खाली बसली होती. पण मला ते सांगायचं कसं, हे ठरत नव्हतं. चूक झाली म्हणायला जीभ उचलेना. बुधवारभर मी त्यावर तीन पारदर्शिका बनवल्या, एकीवर बाणांसहित सुबक आकृती. शीर्षक दिलं ‘निरीक्षणाच्या चौकटीबद्दल एक सूक्ष्म मुद्दा’. गुरुवारी आकृतीतले रंग बदलले. गुरुवार म्हणजे गुरुवार, हे मला ठाऊक होतं. उगीच विसरलो होतो असं म्हणणार नाही. मी मनाशी म्हटलं, एवढ्या तेवढ्यासाठी कुणी लगेच सही करत नाही. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल माझे अंदाज असेच असतात.

शुक्रवारी समितीत आम्ही चौघं. दोन प्राध्यापक, मी आणि ती. तिचे मार्गदर्शक परदेशातून पडद्यावर. मी माझ्या तीन पारदर्शिका दाखवल्या. मांडणी झकास झाली. निरीक्षक वरून बघतो की खालून, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो पण कसा मूलभूत आहे, वगैरे. दोघं प्राध्यापक मान डोलवत होते. पडद्यावरचे गृहस्थ म्हणाले, वा, छान पकडलंत. हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी विनयाने हसलो. एकाने तिच्याकडे वळून अभिनंदन केलं: तुझे सगळे आकडे बरोबर आहेत, प्रकरण मान्य, मुदतवाढही मिळेल.

ती माझ्या आकृतीकडे बघत होती. मग तिने सगळ्यांना सांगितलं, इंग्रजीत, आवाज न चढवता, की काल संध्याकाळी तिने सही केली आहे. सोमवारपासून रुजू. घरीही कळवलं आहे. वडील वर्षभर विचारत होते काय चाललंय, आणि ती काचा धुतेय म्हणून सांगत होती. काल पहिल्यांदा ते खूश झाले. आता पुन्हा फोन करून त्यांना नाही म्हणणार नाही.

दोघं प्राध्यापक आपापले कागद सारखे करू लागले. अशा वेळी बोलण्याची जबाबदारी माझ्यासारख्यांना नेहमी आपलीच वाटते. मी तिच्याशी मराठीत बोललो. समजुतीचं बोलणं आपल्या भाषेत बरं, असा विचार केला असावा.

“हे बघ, प्रकरण तर मान्य झालं. म्हटलं तर एका उणे चिन्हाचा प्रश्न होता. फार काही नुकसान झालेलं नाही.”

तिने लॅपटॉप मिटला, वायर गुंडाळली.

“कुठल्या बाजूनं बघून, सर?”

ती मराठीत बोलली, त्यामुळे बाकीच्यांना कळलं नाही. तिच्या शेजारचे प्राध्यापक काहीतरी गमतीचं असेल असं समजून माझ्याकडे बघून हसले आणि काय म्हणाली म्हणून विचारलं. मी त्यांना सांगितलं नाही.